मी ठरवलेला गुरुवार

२०१८ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि माझी सायकल बत्तीस वर्षांची. दोघांत सायकलीची तब्येत बरी आहे, असं आमची मंडळी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी चौथी पास. पाचवीत बसलो होतो, पण तिथं माझं आणि गुरुजींचं जमलं नाही, आणि त्यात चूक गुरुजींची होती. पुढं भोसरीच्या एका कारखान्यात वेल्डिंग करून रिटायर झालो. घरी बसणं मला जमेना आणि मी घरी बसलेलं मंडळींना जमेना, म्हणून तळवड्याला एका छोट्या कंपनीच्या गेटावर वॉचमन लागलो. निगडीहून तळवडं, सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, सायकलवर. गाडी मी आयुष्यात शिकलो नाही. शिकता आली नसती असं नाही.

वाटेत चाकणच्या रस्त्याला एक चौक लागायचा. चौक म्हणायचा म्हणून म्हणायचा. मधे लांबच लांब डिव्हायडर, त्याला एक फट, आणि त्या फटीतून कामगारांनी सायकली पलीकडं न्यायच्या. दोन्ही अंगांनी कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसा. सिग्नल नाही, पट्टे नाहीत. देवाचं नाव घ्यायचं आणि पुढचं चाक घालायचं.

माझा मुलगा रावेतला एका ऑफिसात आहे. तो एक दिवस जेवताना म्हणाला, "बाबा, सायकल आता बंद. मी स्कूटरवर सोडत जाईन."

"मी काय पार्सल हाय का सोडायला?"

"त्या चौकात सिग्नल असता तर बोललो नसतो."

"मग सिग्नल होईल की."

"कधी?"

मी ताठ्यात म्हणालो, "दिवाळीपर्यंत."

"आणि नाही झाला तर?"

"तर सायकल भंगारवाल्याला दे."

हे बोलून मी भाकरी मोडली. मला वाटलं, पोरगं विसरेल. त्यानं उठून कॅलेंडरवर दिवाळीच्या चौकटीत पेनानं सायकल काढली. चाकं वेडीवाकडी होती, पण सायकल आहे एवढं कळत होतं. तेव्हा नुकती होळी झाली होती.

आता सिग्नल काय माझ्या खिशात नव्हता. पण त्याच चौकात दोन माणसं त्या सिग्नलच्या मागं लागलेली होती, आणि त्यांना मी तोवर येडी समजत होतो.

पहिल्या बाई. शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. निगडीला प्राधिकरणात राहायच्या आणि रोज सकाळी सहाला पानटपरीशेजारी उभ्या राहायच्या. पायात बूट, अंगावर कॉटनची साडी, हातात परीक्षेला पोरं नेतात तसलं क्लिपचं पॅड. सायकल गेली की कागदावर एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. रविवार सोडला तर रोज. ऊन म्हणू नका, थंडी म्हणू नका. मी पहिल्यांदा थांबलो तो त्यांना झापायलाच थांबलो.

"काय मोजताय?"

"सायकली मोजतेय, आजोबा."

"तुमचं वय किती?"

"एकसष्ट."

"मग आजोबा कुणाला म्हणताय?"

दुसऱ्या दिवशी त्या मला काका म्हणाल्या. तेही मी चालू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाल्या, तेव्हा मी सायकल स्टँडला लावली.

मोजायचं कारण असं, की सिग्नलसाठी बाईंनी अर्ज केला तर उत्तर आलं होतं, त्या ठिकाणी सायकलींची वर्दळ फारशी नाही. बाई म्हणाल्या, फारशी म्हणजे किती ते मी सांगते. आणि मोजायला लागल्या. मोजणीत कडक. एकदा मी चहाला पलीकडं गेलो, परत आलो, तर त्यांनी रेघ ओढली नाही.

"मला धरा की."

"तुम्हाला मघाशीच धरलंय, भाऊ. एका माणसाची एक रेघ."

"पण जीव तर दोनदा धोक्यात घातला."

"तो तुमचा शौक. माझ्या कागदावर नाही चालणार."

एकदा तर काढलेली रेघ त्यांनी रबरानं खोडली. का, तर तो माणूस पंक्चर सायकल हातात धरून चालत गेला होता. मी म्हणालो, "अहो, चाकं दोनच होती ना?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला पाचवीतले गुरुजी आठवले.

एवढं का करता, असं मी एकदा विचारलं. त्यांच्या शाळेचा शिपाई, वीस वर्षं शाळेची घंटा देणारा, सायकलवरून याच फटीत कंटेनरखाली गेला होता. बाईंनी एका वाक्यात सांगितलं आणि पॅडवरचं पान बदललं. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

दुसरा हेल्मेटवाला. तळवड्याच्या आयटी पार्कात इंजिनियर. त्याची सायकल एका हातानं उचलता यायची. माझी उचलायला दुसरा माणूस लागतो, आणि मला त्याचा अभिमान आहे. अंगावर घट्ट चड्डी, डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखं हेल्मेट. बिचारा पदरच्या पैशानं रेडियमच्या पट्ट्या आणायचा आणि कामगारांच्या मडगार्डवर चिकटवायचा, ट्रकवाल्याला अंधारात लांबून सायकल दिसावी म्हणून. कानात यंत्र घातलेलं असायचं. मडगार्ड पुसता पुसता मधेच म्हणायचा, "येस सर, आवाज येतोय," आणि कामगार घाबरून म्हणायचा, "मी काय बोललोच न्हाई."

माझ्या सायकलीला मी तीन महिने पट्टी लावू दिली नाही.

"काका, दोन मिनिटांचं काम आहे."

"मला नीट दिसतंय."

"तुम्हाला नाही, ट्रकवाल्याला दिसायला हवं."

"ट्रकवाल्याला सांग, डोळे उघडे ठेव."

"कुठल्या ट्रकवाल्याला सांगू? इथून किती जातात बघा."

हे मला पटलं, पण पटलं असं म्हणायला मला तयार व्हायला वेळ लागतो. शेवटी मी सायकल तिथं लावून चहाला गेलो आणि मुद्दाम सावकाश प्यालो. आलो तेव्हा पट्टी लागलेली होती. मी पट्टीकडं न बघता टांग मारली, तोही पुढच्या मडगार्डकडं वळला. शहाणा मुलगा.

तर बाई रेघा ओढायच्या, हेल्मेटवाला त्यांची बेरीज करून मेल टाकायचा. मेल म्हणजे त्याचं ब्रह्मास्त्र. "टाकलाय काका मेल," असं सांगायचा, जसा मेल जाऊन खांब रोवणार आहे. पण पावसाळा सरता सरता खरंच उत्तर आलं. रस्त्याचं काम बघणारे साहेब स्वतः पाहणीला येणार होते. पुढच्या आठवड्यात एक सकाळ. दिवस तुम्ही सांगा, असंही लिहिलं होतं. त्यानंतर साहेब महिनाभर रजेवर. म्हणजे ती एक सकाळ हुकली की दिवाळी आली, आणि माझी सायकल कॅलेंडरवरून भंगारात.

हेल्मेटवाला म्हणाला, "शनिवार-रविवार मला सुट्टी असते, पण साहेबांना नको असेल."

बाई माझ्याकडं वळल्या. "भाऊ, या रस्त्याची माहिती तुम्हाला. कुठला दिवस बरा?"

आता चौथी शिकलेल्या माणसाला कुणी दिवस विचारत नाही. मुहूर्त भटजी काढतो, शिफ्ट सुपरवायझर लावतो, दवाखान्याची तारीख डॉक्टर देतो. एका शिक्षिकेनं आणि एका इंजिनियरनं मला विचारलं म्हटल्यावर मी जरा छाती काढली आणि म्हणालो, "गुरुवार. गुरुवार ठेवा."

का गुरुवार? तर गुरुवारी मी मोकळा असायचो. त्या दिवशी आमच्या गेटातून गाडी आत येत नाही, बाहेर जात नाही. गेटाला बाहेरून कडी घातली आणि तास-दोन तास चौकात जाऊन उभं राहिलं, तरी कुणी विचारत नाही. बाईंनी लगेच लिहून घेतलं. हेल्मेटवाल्यानं मेल टाकला.

गुरुवारी गेटातून गाडी का येत नाही, याचा मी विचार केला नाही. वॉचमनला वार नसतो हो. कंपनी चालू असली तरी गेटावर, बंद असली तरी गेटावर.

बुधवारी संध्याकाळी सातला ड्युटी संपवून मी टपरीवर थांबलो. दोन कामगार चहा पीत होते. एक म्हणाला, "उद्या दहापर्यंत उठायचंच नाही." दुसरा म्हणाला, "मी कपडे भिजवून झोपणार." माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. भोसरी काय, तळवडं काय, चाकण काय, आमच्या या सगळ्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. लहान पोराला ठाऊक असतं. मी बत्तीस वर्षं ती सुट्टी भोगली. बाईंची सुट्टी रविवारी. हेल्मेटवाल्याची शनिवार-रविवार. बाई रोज मोजत होत्या, पण कागदावर तारीख टाकायच्या, वार नाही. गुरुवारी सायकली कमी दिसतात हे त्यांना कळत होतं, त्या म्हणायच्या, "आज गर्दी कमी, कुठं लग्नबिग्न असेल." आणि ज्या एका माणसाला खरं कारण ठाऊक होतं, त्यानंच तो दिवस सुचवला होता.

बाईंना फोन करायला हवा होता. फोन खिशात होता. पण फोन करायचा म्हणजे चुकलो म्हणायचं. मी विचार केला, चुकलो म्हणण्यापेक्षा सायकली गोळा करणं सोपं.

तसाच कामगारांच्या खोल्यांकडं गेलो. पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत चार-पाच जण, कोण बीडचा, कोण लातूरचा, कोण बुलढाण्याचा. सायकली बाहेर रांगेत लावलेल्या. मी दारात उभं राहून सांगितलं, "उद्या साहेब येणार हाय. सात वाजता सायकल घेऊन चौकात यायचं."

आतून एक जण म्हणाला, "काका, आठवड्यात एक दिवस सायकलीवरून उतरतो. त्या दिवशी बी तिच्यावरच बसवता का?"

"सिग्नल तुमच्यासाठीच हाय."

"सिग्नलला बी गुरुवारी सुट्टी द्या की."

सगळे हसले. मग मी म्हणालो, वडापाव देतो. हसणं थांबलं.

"एक का दोन?"

"एक."

"दोन."

"दोन. पण आंघोळ करून या, साहेबासमोर जायचंय."

गुरुवारी सकाळी सातला रस्ता असा मोकळा होता की कुत्रं मधोमध पसरलं होतं. बाई पॅड घेऊन इकडं तिकडं बघत होत्या. साहेब गाडीतून उतरले. मधल्या वयाचे, शांत, हातात फाइल. हेल्मेटवाला त्यांना नकाशा दाखवायला लागला. आणि तेवढ्यात माझी फौज आली.

आंघोळ कुणीच केलेली नव्हती. एकाच्या कॅरिअरला दळणाचा डबा, कारण वाटेत गिरणीचं काम उरकायचं होतं. एकाच्या हँडलला कपड्यांची बादली. एकजण न्हाव्याच्या खुर्चीतून उठून आला होता, अर्ध्या गालाला साबण तसाच. दोघं डबलसीट. सायकली फटीतून पलीकडं जायच्या, पुढं वळायच्या आणि परत यायच्या. बादलीवाला तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघून बोटं दाखवली, दोन. म्हणजे वडापाव.

साहेब म्हणाले, "बरीच वर्दळ आहे की."

मी बाईंकडं पाहिलं. त्यांची पेन्सिल हलत नव्हती. कागद कोरा. त्या फक्त त्या बादलीकडं बघत होत्या.

साहेबांनी साबणवाल्याला थांबवलं. "कुठल्या कंपनीत आहात?"

त्यानं कंपनीचं नाव सांगितलं.

"आता शिफ्ट सुटली का?"

"नाही साहेब, आज सुट्टी. या काकांनी बोलावलंय. वडापाव आहे."

तो खरं तेच बोलला, त्याचा काही दोष नाही. खोटं बोल असं मीही त्याला सांगितलं नव्हतं, तेवढं माझं डोकं चाललं नाही. साहेबांनी फाइल मिटली. हेल्मेटवाल्यानं कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं, तेव्हा मला कळलं की आता सगळं संपलं.

बाई पुढं झाल्या. म्हणाल्या, "साहेब, दिवस माझा चुकला. मी चौकशी करायला हवी होती. ही माणसं मोजू नका. पण हे आठ महिन्यांचे कागद आहेत, यात एकही रेघ जास्तीची नाही." आणि पॅडखालचा गठ्ठा त्यांनी दोन्ही हातांनी पुढं केला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला धरून द्यायचं सोडून त्यांनी स्वतःवर घेतलं.

साहेब म्हणाले, "बाई, आजचं बघून आता या कागदांवर मी कसा विश्वास ठेवू?"

हे ऐकून मला जे झालं ते मला नीट लिहिता येणार नाही. रबरानं रेघ खोडणारी बाई, आणि तिच्या कागदाला माझ्या वडापावाचा वास लागला. त्या क्षणी मला दिवाळी आठवली नाही, सायकल आठवली नाही.

मी म्हणालो, "साहेब, दिवस बाईंचा न्हाई. माझा. गुरुवार मी सांगितला. काल ध्यानात आलं, तवा बी बोललो न्हाई. ही माणसं मी आणली, बाईंना ठाऊक न्हाई. कागद खरे हायती. ह्यांनी मला चौकातून दोनदा जाऊन बी एकदाच धरलंय."

"एकदाच?"

"एकदाच. दुसरी रेघ मागितली तर दिली न्हाई."

साबणवाला म्हणाला, "काका, वडापाव?"

"थांब रे जरा."

साहेबांच्या तोंडावर हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. बाईंच्या हातातला गठ्ठा घेतला, पाच-सहा पानं उलटली. एका पानावर रबरानं खोडून कागद फाटला होता, तिथं थांबले. मग म्हणाले, "उद्या सकाळी मला चाकणला साइटवर जायचंय. साडेसहाला इथून जाईन, दहा मिनिटं थांबेन. जे दिसेल ते लिहीन. कुणाला बोलवायचं नाही. आणि हे काका उद्या मला चौकात सायकलीवर दिसता कामा नयेत. दिसले तर फाइल बंद."

साहेब गेले. मी बाईंसमोर उभा राहिलो. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "चुकलं."

बाई म्हणाल्या, "दिसलं ते." मग पेन्सिल पॅडच्या क्लिपेत अडकवत म्हणाल्या, "पोरं उपाशी आहेत, भाऊ. आधी वडापाव आणा. मलाही एक."

वडापाव खाताना त्या बादलीवाल्याला विचारत होत्या, अजून कुठल्या कुठल्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात वार लिहायची चौकट आखत होत्या.

सिग्नल आज तिथं उभा आहे. बसायला दिवाळी उलटून वर पाच-सहा महिने गेले. बाई आता लेकीकडं राहायला गेल्या, हेल्मेटवाला दुसऱ्या शहरात नोकरीला गेला, आणि खांबाखाली थांबणाऱ्या नव्या पोरांना वाटतं तो खांब रस्त्याबरोबरच उगवला. सायकल माझ्याकडंच आहे. दिवाळी आली तेव्हा मुलानं कॅलेंडरचं पान गुपचूप उलटलं, भंगारवाल्याचं नाव काढलं नाही. त्याचं कारण त्या शुक्रवारची सकाळ.

त्या फजितीच्या गुरुवारी रात्री जेवताना मी त्याला म्हणालो, "उद्या मला स्कूटरवर सोड."

त्यानं आईकडं पाहिलं. "बाबांना ताप आहे का?"

मंडळी म्हणाल्या, "हात लावून बघ. मला लावू देत नाहीत."

शुक्रवारी सकाळी मी जन्मात पहिल्यांदा हेल्मेट घातलं आणि पोराच्या मागं बसलो. चौकाच्या अलीकडं त्याला ब्रेक मारावा लागला. पुढं सायकलीच सायकली. डबेवाल्या, पिशव्यावाल्या, मागच्या मडगार्डवर रेडियम चमकणाऱ्या, फटीपाशी येऊन तुंबलेल्या, आणि पलीकडून हॉर्न देणारा ट्रेलर. टपरीपाशी साहेब फाइल काखेत धरून उभे होते. शेजारी बाई, त्यांची पेन्सिल थांबत नव्हती. आमची स्कूटर ना पुढं जाईना ना मागं.

पोरगं मान वळवून म्हणालं, "बाबा, एवढ्या सायकली रोज असतात इथं?"

"गुरुवार सोडून," मी म्हणालो.

एक म्हातारा कामगार, माझ्याच वयाचा असेल, पुढचं चाक उचलून फटीत घालत होता आणि ट्रेलर थांबायला तयार नव्हता. पोरानं स्कूटरचं इंजिन बंद केलं, उतरला, आणि रस्त्यात जाऊन ट्रेलरला हात केला. मी हेल्मेटची काच खाली ओढली, मान खाली घातली आणि स्कूटर धरून बसून राहिलो, कारण साहेबांना मी दिसायचं नव्हतं.